प्लॅटिनम माझ्या खिशात होतं

मनोहरराव, परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला मी पंधरा मिनिटं बोललो आणि त्यात एक धडधडीत खोटं बोललो. समोर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या लावलेल्या, पंचशील घेऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलणार नाही, असं मी सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हटलं आणि लगेच उठून माईकपाशी जाऊन सांगितलं, "आमचे साडूभाऊ गाडी चालू झाल्याच्या आनंदात गेले." हॉलभर माणसांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत तुमची वसुधा बसली होती, तिनं मान हलवली. बारा दिवस ती स्वतःही तेवढं एकच वाक्य धरून बसलीय. मी खाली येऊन बसलो आणि उगाचच शर्टाचा खिसा चाचपला.

खिशात प्लॅटिनम होतं. तुमच्या गाडीचं.

तुम्हाला काय सांगायचं, पण मलाच सगळं पुन्हा मांडून बघायचंय. मास्तर माणूस मी, मधल्या पायऱ्या गाळल्या की मला गणित सुटत नाही. इंजिनाच्या उजव्या अंगाला, दोन स्क्रूंच्या झाकणामागे, बोटाच्या पेराएवढा एक तुकडा असतो. त्याची दोन टोकं उघडतात आणि मिटतात, तेव्हा प्लगला ठिणगी पडते. पुस्तकात त्याला कॉन्टॅक्ट ब्रेकर म्हणतात आणि नाना पेठेत मागायला गेलं की प्लॅटिनम. त्यात प्लॅटिनमचा कणसुद्धा नसतो हे मी दुकानदाराला सुनावलं, तेव्हा तुम्ही मला कोपरानं ढोसलंत. "मास्तर, भजीवाल्याला बेसन कुठल्या शेतातलं ते विचाराल आता." असो. ते नसलं तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर गाडी नाही. यात मतभेदाला जागा नाही, आणि आपल्या दोघांचं ज्यावर एकमत झालं अशा गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्याच.

बत्तीस वर्षं आपण साडू. सख्ख्या बहिणींचे नवरे, माझी सुशीला थोरली, तुमची वसुधा धाकटी. एवढ्या वर्षांत एकमेकांना एकदा अरे-तुरे केलं नाही. गाडीखाली उताणे पडून, नाकातोंडात गंज जाईस्तोवर भांडलो, तेही अहो-जाहोत. "अहो, तुम्हाला अक्कल आहे का?" "आपल्याइतकी नाही, मास्तर." मी शाळेत गणित शिकवलं आणि तुम्ही कारखान्याच्या टूलरूममध्ये हजाराव्या भागाचं माप घेत जन्म काढला. त्यामुळे मला पाना धरता येत नाही हे तुम्ही पहिल्या दिवसापासून गृहीत धरलं होतं. ते खरंच होतं म्हणून मला जास्त राग यायचा.

ती गाडी सापडली तो दिवस आठवतो. लोणी काळभोरला, तुमच्या जुन्या जोडीदाराच्या मळ्यात, गोठ्यामागच्या शेडमध्ये. वर कडबा रचलेला, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. दोन सायलेन्सर, पोटफुगी टाकी, आणि किक अन् गिअर मिळून एकच दांडी. ती आत दाबून उभी करायची की किक होते, खाली पाडली की गिअर. म्हातारा जोडीदार म्हणाला, "न्या की, पर चालू व्हायची न्हाय ती. इंजिन जाम हाय." तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, "माझंही जामच होतं हो. डॉक्टरनं दोन स्प्रिंगा घातल्या, झालं चालू." तो बिचारा हसावं का नाही या विचारात पडला. दोन स्टेंट घालून तुम्हाला तेव्हा तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

डॉक्टरांनी बजावलं होतं, जिना हळू, ओझं नाही. मग तुम्ही साळसूदपणे मोटरसायकलचं विचारलंत. ते म्हणाले, बसा, हिंडा, पण किक अजिबात मारायची नाही. वसुधाही तिथंच होती आणि मीही होतो. घरी येताना तुम्ही रिक्षात म्हणालात, "किक मारायची नाही म्हणाले. गाडी चालू करायची नाही असं नाही म्हणाले." तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आठ महिने मी धनकवडीहून तुमच्या बिबवेवाडीच्या रो-हाउसच्या पोर्चमध्ये येत राहिलो. सुशीला म्हणायची, नोकरीवरही इतके वेळेवर गेला नाहीत कधी. जाम झालेल्या इंजिनात डिझेल भरून ते दहा दिवस मुरत ठेवलं. पेट्रोलच्या टाकीत मूठभर जुने नट आणि रॉकेल घालून, दोघांनी दोन टोकांना धरून ती टाकी बाळाला पाळण्यात झोके द्यावेत तशी हलवली, आतला गंज सुटेपर्यंत. मला गाडी रंगवायची होती. तुम्ही म्हणायचात, म्हातारीला लिपस्टिक नको. मी म्हणायचो, मग तुमच्या पेट्रोलमधलं ऑइल कमी करा, म्हातारीला इतका धूर नको. तुम्ही मापाच्या दीडपट ऑइल घालायचात आणि हात सैल असल्याचं सांगायचात. हजाराव्या भागाचं माप घेणारा माणूस! हे भांडण अजून मिटलेलं नाही, आणि माझंच बरोबर होतं.

आता शनिवारचं. नवं कोरं प्लॅटिनम तुम्ही बसवलंत, पत्ती घालून मधली फट मोजलीत, माझ्याकडून झाकण लावून घेतलंत. म्हणालात, उद्या सकाळी किक. मी म्हटलं, मी येतो, मी मारतो. "तुम्ही? तुम्हाला अजून किक कुठली आणि गिअर कुठला ते कळत नाही." मी म्हटलं, अहो, डॉक्टर काय म्हणाले? "डॉक्टर मोटारीतून येतात. त्यांना काय माहीत." मग आवाज चढले. आणि मी म्हणालो, तुम्हाला शब्दन् शब्द आठवत असेल, "मरायचं असेल तर एकट्यानं मरा, माझ्या मेव्हणीला बघायला लावू नका."

तुम्ही नुसतं "बरं," म्हणालात आणि हात धुवायला आत गेलात.

तुम्हाला राख घालून हात घासायची सवय. चांगली पाच-सात मिनिटं. तेवढ्यात मी झाकण उघडलं, प्लॅटिनमचा स्क्रू काढला, वायर सोडवली, तुकडा खिशात टाकला आणि झाकण परत लावलं. सगळं तुम्हीच शिकवलेलं. हिशेब सरळ होता. उद्या तुम्ही दोन किका माराल, गाडी ढिम्म राहील, मग झाकण उघडाल, रिकामी जागा बघून मला फोनवर चोर म्हणाल. मी हसत हसत येईन, तुकडा बसवीन आणि किक मीच मारीन. वर्गात मुलांना शंभरदा सांगितलं असेल, उत्तर आलं की उलटं करून ताळा करा. ताळा मी केला नाही. ठिणगी नसलेल्या गाडीला माणूस कमी किका मारत नाही, जास्त मारतो. एवढं साधं मला सुचलं नाही, मनोहरराव. मी तुम्हाला वाचवायला निघालो होतो.

रविवारी सकाळी फोन पुढ्यात घेऊन बसलो, तुमच्या शिव्यांची वाट बघत. अकराला वाजला. वसुधाचा होता.

मी पोचलो तेव्हा तुम्हाला आत दिवाणावर ठेवलं होतं. पोर्चमध्ये ही गर्दी. त्या गर्दीत तोल जाऊन माझा हात सायलेन्सरवर पडला आणि मी झटकन मागे घेतला. गरम होता. त्या पोर्चमध्ये बारापर्यंत ऊन येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, मलाही. त्या वेळी मी त्याचा विचार केला नाही. विचार करण्याच्या स्थितीत मी नव्हतोच.

मग वसुधा प्रत्येकाला सांगायला लागली. मी स्वयंपाकघरात होते, तिसऱ्या किकेला गाडी चालू झाली, त्यांनी मला हाक मारली, चांगली दहा मिनिटं फटफट आवाज येत होता, नंतर आपोआप बंद पडली, बाहेर येऊन बघते तर पायरीवर बसलेले, भिंतीला डोकं टेकून. माझी खात्री झाली की दुःखानं तिचं भान गेलंय. तेवढ्यात शेजारच्या जोशीबाई म्हणाल्या, "रविवारी सकाळी साडेदहाला माणसं पूजा करतात, हे धूर करत होते. मी खिडकी लावून घेतली. पण आवाज गोड होता हो." पलीकडचे निवृत्त कॅप्टनही म्हणाले, हो, चालू होती. सगळ्या गल्लीनं ऐकली. आणि माझ्या खिशात ते प्लॅटिनम.

तुमचं ठरलेलं वाक्य होतं, भूत म्हणजे लूज कनेक्शन. आमच्या घराची बेल आपोआप वाजायची तेव्हा सुशीला घाबरली होती. तुम्ही येऊन ओली वायर बदललीत आणि वर तिला ऐकवलंत की आपल्या आईवडिलांनी अंगात येणं, उतारे, गंडेदोरे सगळं सोडलं ते काय आपण बेलला घाबरावं म्हणून? ते मला पटलेलं आहे. आपल्यात पिंड नाही, कावळा नाही. पण खरं सांगू, या बारा दिवसांत मला त्या कावळ्यावाल्यांचा हेवा वाटला. शिवला की नाही यावरून त्यांना काहीतरी कळतं तरी.

तिसऱ्या दिवशी आत पाहुण्यांची जेवणं चालली होती, तेव्हा मी पोर्चमध्ये आलो आणि गाडीपाशी बसलो. म्हटलं, तुमच्याकडे दुसरं प्लॅटिनम असेल. तुम्ही झाकण उघडलंत, माझी चोरी पकडलीत, दुसरं बसवलंत. असंच असणार. पण झाकणाचा खालचा स्क्रू मी शनिवारी घाईत तिरका बसवला होता, अर्ध्या आट्यावर अडकलेला. तो तसाच तिरका होता. तुमच्या नजरेला तिरका स्क्रू पडला असता तर तुम्ही आधी तो सरळ केला असता, मग श्वास घेतला असता. मी झाकण काढलं. आत जागा रिकामी.

मग मी खिशातून तुकडा काढला आणि उजेडात धरला. नवा कोरा होता तो. शनिवारी बसवल्यापासून त्यानं एकही किक पाहिलेली नव्हती. तुम्हीच शिकवलंय की टोकांवर काळपट निळा डाग पडतो तो ठिणगीचा, डाग म्हणजे यानं काम केलंय. दोन्ही टोकांवर डाग होता. मोहरीएवढा. तुमच्या पद्धतीनं कोरा कागद मध्ये धरून घासला. गेला नाही.

मी तो तुकडा घरी कुठंही ठेवू शकलो नाही. ठेवावासा वाटेना. शर्ट बदलला की ह्या खिशातून त्या खिशात. चौथ्या का पाचव्या दिवशी सुशीला धुण्याचा शर्ट हातात घेऊन आली. "अहो, याला धुराचा वास येतोय. कुठं गेला होतात?" कुठंच गेलो नव्हतो. मी वास घेतला. जळक्या ऑइलचा होता, मापाच्या दीडपट. मला रडू फुटलं, ती बिचारी शर्ट तसाच टाकून पाणी आणायला धावली. तुमची इतकी आठवण येते, मनोहरराव, आणि त्याच वेळी तुमची भीती वाटते. बत्तीस वर्षांत तुमची भीती कधी वाटली नव्हती.

आणि वसुधा रोज म्हणायची, "भावोजी, एकदा चालू करा ना. मला तो आवाज ऐकायचाय." मी म्हणायचो, बॅटरी उतरली असेल. पेट्रोल बघावं लागेल. परवाचं भाषणही तिच्याच हट्टापायी. सांगा सगळ्यांना, गाडी चालू झाली होती ते. मी सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तिच्या हातात काय उरलं असतं? नवरा बंद गाडीला किका मारत मारत गेला, आणि गाडी बंद का होती तर तिच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यानं केली म्हणून.

आज सकाळी मी ठरवून गेलो. सुशीलाकडून कळलं होतं की वसुधा मार्केट यार्डला भाजी आणायला जाणार आहे. म्हटलं, गुपचूप तुकडा बसवावा, संध्याकाळी तिच्या देखत गाडी चालू करावी, विषय संपला. गुडघे टेकून झाकण काढतोय तोच मागून आवाज आला, "भावोजी, काय करताय?" ती गेलीच नव्हती. पायरीवर उभी होती, तुम्ही बसला होतात त्याच.

माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, तळहातावर प्लॅटिनम. सबबी पुष्कळ होत्या. त्या सोडून मी सगळं सांगितलं. शनिवार, भांडण, ते एकट्यानं मरा म्हटलेलं, हात धुणं, खिसा. परवा खोटं बोललो हेही. मग तिनं हात पुढे केला आणि मी तुकडा तिच्या हातावर ठेवला.

"हे नसलं तर चालूच होत नाही?"

"नाही."

"नक्की?"

"वसुधा, दोन आणि दोन चार होतात तितकं नक्की."

तिनं तो डोळ्यांपाशी नेला. "मग हा काळा डाग कसला?"

मी म्हटलं, "ठिणगी पडली की पडतो."

"म्हणजे पडली."

"माझ्या खिशात?"

"ते मला काय विचारता? गणित तुमचं."

असं म्हणून ती मटकन पायरीवर बसली. मला वाटलं, आता ती मला बोलेल. बोलायलाच हवं होतं, मी त्यासाठीच आलो होतो असं तेव्हा लक्षात आलं. पण ती गाडीकडे बघत म्हणाली, "मी पोळ्या लाटत होते, भावोजी. ते ओरडले, वसुधा, चालू झाली, बाहेर ये. मी म्हटलं, आले, तव्यावर पोळी आहे. ती झाली. मग म्हटलं, चारच राहिल्यात, उरकून घेऊ. गाडी चालू होती ना. गाडीचा आवाज येतोय म्हणजे माणूस ठीक आहे, असंच वाटणार ना? पाच पोळ्या केल्या मी. आवाज नसता तर पहिल्या पोळीलाच बाहेर आले असते."

हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बारा दिवस ती आवाजाबद्दल बोलत होती आणि आम्हाला वाटत होतं की ती स्वतःची समजूत घालतेय.

गाडी चालू झाली असेल तर मी सुटतो आणि वसुधा अडकते. झाली नसेल तर मी अडकतो, आणि तिनं पोळ्या लाटताना जे ऐकलं ते काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही. मी तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही. तिनं मला म्हटलं, तुमचीही नाही. दोघांनीही ते एकमेकांना मनापासून सांगितलं आणि दोघांनाही ते पटलं नाही.

"बसवा ते," ती म्हणाली.

मी बसवलं. तुमच्या पत्तीनं फट मोजली, दोनदा. स्क्रू सरळ घातले. दांडी आत दाबली, उभी केली. पहिली किक वाया, दुसरीला नुसती खोकली. तिसरीला सुरू झाली. पोर्चभर निळा धूर, पलीकडे जोशीबाईंची खिडकी धाडकन लागली. मी दांडी परत खाली पाडली आणि वसुधाजवळ जाऊन, मोठ्यानं बोलावं लागत होतं, विचारलं, "हाच का गं? त्या दिवशीचा?"

ती ऐकत राहिली. मान वाकडी करून, डोळे मिटून, बराच वेळ.

"मला काय माहीत, भावोजी," ती म्हणाली. "त्या दिवशी मी ऐकत कुठं होते? नुसता येत होता."

मी किल्लीकडे हात नेला. तिनं तो धरला. टाकीत फारसं पेट्रोल नव्हतं. ते संपून गाडी आपली आपण बंद पडेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो, मनोहरराव. आत कोणी गेलं नाही.